आईच्या नावासकट

हमीदभाई, तुमच्या घरून पत्र आलं आहे. जुबेदाभाभींनी सांगितलं आणि गावच्या शाळेतल्या मास्तरांनी लिहून घेतलं, असं अक्षरावरून दिसतं. मास्तर भले असावेत, कारण भाभींचं बोलणं त्यांनी सुधारलेलं नाही. खुशाली नाही, रडारड नाही. तुम्ही गेल्याला अडीच महिने झाले आणि बाई सरळ मुद्द्यावर आल्या आहेत.

"त्यांना टाकून जो गाडी घेऊन गेला त्याचा नाव कळवा. त्याच्या आईच्या नावासकट कळवा, म्हंजे भलत्याला लागाचा नाय. रोजे चालू हायत. रोजेदाराची बददुवा वर पोचते."

तुमच्याकडे तावीज लिहायचा असो की कुणाला शाप द्यायचा असो, माणूस ओळखायचा तो आईच्या नावानं. बाप सांगोवांगी, आई मात्र नक्की, असं तुम्हीच मला कधीतरी कांदा चिरता चिरता सांगितलं होतंत. म्हणून पत्र वाचून मला नवल वाटलं नाही. मला आनंद झाला. लपवून काय करू? इथे जो तो मला शहाणपण शिकवतो आहे. युद्ध होतं, कोणाचा दोष नाही, वरच्याची मर्जी, विसरून जा. मला विसरायचं नाही. कुणाचं तरी वाटोळं व्हावं असं मनापासून वाटणारं दुसरं माणूस ह्या जगात आहे आणि ते दाभोळच्या खाडीकाठी तसबीचे मणी ओढत बसलं आहे, ह्याचा मला मोठा आधार वाटला.

आणि नाव तर माझ्याकडे तयारच होतं. आपल्या कॅम्पचा ट्रान्सपोर्ट सुपरवायझर देसाई. त्या सकाळी तुम्हाला न्यायची गाडी त्याची होती. तो दमामच्या बाजूला सुखरूप पोचला आणि तुम्ही हायवेच्या कडेला वाळूत बसलात ते उठला नाहीत. फक्त त्याच्या आईचं नाव मला ठाऊक नव्हतं. ते काढायला मी मंगळवारी त्याच्याकडे गेलो. काय झालं ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे, पण मला सुरुवातीपासून सांगू द्या. मधेच "भटजी, मुद्द्याचा बोला" म्हणणारे तुम्ही आता नाही आहात.

मी मेसमध्ये बसलो आहे. खफजीत परत येऊन आठ दिवस झाले. पलीकडे कुवेतच्या विहिरी जळताहेत. वारा इकडचा असला की भर दुपारी दिवे लावावे लागतात आणि दोरीवरचा सदरा तेलकट होतो. भटारखान्याच्या खिडक्यांना काचा नाहीत, भिंतीला गोळ्यांची भोकं आहेत, तांदळाची पोती कोणीतरी नेली. तुमची मोठी कढई तेवढी जागेवर आहे, कारण ती उचलायला चार माणसं लागतात. नवा आचारी फिलिपिनो आहे. गुणी आहे. त्याच्या हातचं मला घशाखाली उतरत नाही ह्यात त्याचा काही अपराध नाही.

सहा वर्षांपूर्वी मी नाशिकहून ह्या जपानी तेल कंपनीत कॉम्प्रेसरवर आलो तेव्हा तुम्हाला ह्या मेसमध्ये तेरा वर्षं झाली होती. जपानी साहेबांचं जेवण तुम्ही करायचात आणि कोपऱ्यातल्या वेगळ्या शेगडीवर आम्हा चार शाकाहाऱ्यांची डाळ. त्या शेगडीला माशाचा चमचा कधी लागला नाही. चारचौघांत तुम्ही मला साहेब म्हणायचात. भटारखान्यात आपण दोघंच असलो की भटजी. हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं, आणि मी बाहेर कोणाला सांगितलंही नव्हतं, कारण मला ते आवडायचं.

मग दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. मला सहा आठवडे ट्रेनिंगला जपानला धाडलं आणि तुम्हालाही, तिथल्या भटारखान्यात हात बसवून यायला. तुम्ही मजेत होतात; रोजे आले तेही प्रवासात माफ, घरी गेल्यावर भरून काढीन म्हणालात. मी ब्रेड, केळी आणि मीठभातावर जगत होतो. पट्ट्याला मी दोन नवी भोकं पाडून घेतली होती. शेवटच्या आठवड्यात मात्सुओसानचं बोलावणं आलं. तुम्हाला जपानी स्वयंपाक शिकवणारे, ह्याच मेसमधून निवृत्त होऊन गेलेले मात्सुओसान. त्यांचं गाव किसोच्या डोंगरात. आठ दिवस राहायला या म्हणाले. मी येत नव्हतो. डोंगरात जाऊन उपाशी मरण्यापेक्षा इथेच केळी खातो म्हणालो. तुम्ही माझी बॅग उचललीत आणि स्टेशनाकडे चालू लागलात, तेव्हा मला मागे यावंच लागलं.

दोन डब्यांची ती गाडी नदीला धरून चालली होती. नदी कुठे हिरवी, कुठे पांढरी, आणि दगड एवढे मोठे की आपल्याकडे त्यांना शेंदूर लागला असता. वरच्या घळींमध्ये अजून बर्फ होतं आणि खाली चेरी फुललेली. स्टेशनावर तिकीट घ्यायला माणूस नव्हता. एक लाकडी पेटी होती, तिच्यात आपण होऊन तिकीट टाकायचं. तुम्ही ते टाकलंत आणि आपल्याकडे अशी पेटी ठेवली तर संध्याकाळी पेटीच जाग्यावर नसेल म्हणालात. मी त्या सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसलो असेन.

मात्सुओसानच्या आईची पाठ वाकून काटकोनात आली होती, पण घरात हुकूम तिचा. जमिनीत खणलेली चौकोनी चूल, वरून लोंबणारा आकडा, आकड्याला किटली. त्या चुलीभोवती बसलो आणि मात्सुओसाननी कुट्टूच्या, उत्तरेत उपासाला खातात त्या पिठाची पोळी लाटून, घडी घालून, मोठ्या सुरीनं बारीक शेवया कापल्या. म्हातारीनं बरणीतून लोणचं काढलं. लाल सलगमाचा पाला, नुसता आंबवलेला, मिठाचा कण नाही. तुमचा विश्वासच बसेना. मिठाशिवाय लोणचं टिकतंच कसं, हे तुम्ही तिला तीन-तीनदा विचारलंत. ती म्हणाली, मीठ समुद्राकडून यायचं, डोंगर चढेपर्यंत ते सोन्याच्या भावाचं व्हायचं, म्हणून आम्ही त्याच्यावाचून शिकलो. तुम्ही मिठागराच्या कडेला वाढलेला माणूस. बराच वेळ बरणीत बघत राहिलात.

मग तो रस्सा आला. तांबूस, नितळ, वाडग्याचा तळ दिसणारा. त्यात शेवया, वर ते आंबट लोणचं. वाफेनंच मला भूक लागली. ह्यात काय आहे ते विचारा, मी म्हणालो. तुम्ही भांड्यावर वाकलात, वास घेतलात, म्हातारीशी तुमच्या मोडक्या जपानीत बराच वेळ बोललात. मग माझ्याकडे वळलात. माझ्या पट्ट्याकडे एकदा बघितलंत, हे मला आता आठवतं.

"भाजीचाच हाय, भटजी. खावा."

मी तीन वाडगे खाल्ले. तुम्ही स्वतः मात्र शेवया कोरड्याच घेतल्यात, किसलेला मुळा आणि लोणचं लावून. का, म्हणून विचारलं तर रश्शात ह्या लोकांची तांदळाची दारू असते, चमचाभर, ती आम्हाला चालत नाही म्हणालात. मला त्याचं काही वाटलं नाही. शिजून उडून गेलेल्या चमचाभर दारूनं माझं काही बिघडत नव्हतं.

पुढचे सात दिवस मी आयुष्यात कधी खाल्लं नाही तसं खाल्लं. बर्फातून डोकं काढणाऱ्या कडू कळ्यांची भजी. राखेत भाजलेल्या पालेभाजीच्या कचोऱ्या. एका रुंद वाळक्या पानावर अक्रोड आणि सोयाबीनचं वाटण थापून निखाऱ्यावर ठेवायचं आणि भाताशी खायचं. पानाचा वास लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, हळदीच्या पानातल्या पातोळ्या ज्यानं खाल्ल्या त्यालाच हे कळेल. डोंगरातल्या जुन्या वाटेनं आपण एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत गेलो. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगलेल्या, येताजाता वाजवायच्या. तुम्ही प्रत्येक घंटा दोनदा वाजवलीत, एक माझ्या नावची. एका टपरीवर बाई काठीला भाताचा गोळा थापून अक्रोडाचं वाटण लावून भाजत होती. मी पाच खाल्ले. त्या वाटणातही दारू पडते म्हणून तुम्ही तिच्याशी वाद घालून तुमचा एक नुसता मीठ लावून भाजून घेतलात. नदीतले मासे काठ्यांना टोचून चुलीभोवती उभे केले होते ते मात्र तुम्ही माझ्यासमोर मिटक्या मारत खाल्लेत, आणि मी तोंड फिरवून बसलो.

जिथे जिथे रस्सा होता तिथे तिथे तुम्ही वाकून वास घेत होतात आणि तेच सांगत होतात. भाजीचाच हाय.

खिंडीतल्या चहाच्या घरात आपण बसलो होतो. बाहेर मावळत्या उन्हात बर्फ. तुम्ही म्हणालात, जुबेदाला रत्नागिरीच्या पलीकडे कधी नेलं नाही, तीस वर्षांत. तिला हे दाखवायचंय. ती म्हणेल, कोणी एवढा मीठ सांडलाय. मी म्हणालो, पुढच्या खेपेला आणा. मी तिकिटाला मदत करीन, असं म्हणावंसं वाटलं होतं, पण म्हणालो नाही. चारचौघांत द्यायला मी कधी कचरलो नाही. एकट्या माणसाला द्यायचं म्हटलं की माझी जीभ जड होते.

मग परत आलो आणि मी मूर्खासारखा बोलत सुटलो. जपानच्या डोंगरातलं जेवण आपल्या सोवळ्यातल्या जेवणापेक्षा शुद्ध आहे, कांदा-लसूणसुद्धा नावाला, असं मी दिसेल त्याला सांगायचो. आईला चार पानी पत्र लिहिलं, तिनं ते गल्लीत वाचून दाखवलं. जपानी सहकारी ऐकून नम्रपणे मान हलवायचे. दीड वर्ष त्यांनी मान हलवली. गेल्या नोव्हेंबरात, युद्ध होणार की नाही ह्याच्या गप्पा मेसमध्ये चालल्या होत्या आणि मी विषय बदलायला पुन्हा किसो काढलं, तेव्हा नव्यानं आलेल्या एका तरुण जपानी इंजिनियरला राहवलं नाही. तो आत गेला आणि तुमच्याच फळीवरून एक पुडा घेऊन आला. त्यात लाकडाच्या छिलक्यांसारखं काहीतरी होतं. वाळवलेला, धुरावलेला मासा किसून केलेल्या छिलक्या. अत्यंत आदरानं तो म्हणाला की त्या रश्शाचा जीव ह्याच्यात असतो, ह्याच्यावाचून तो होतच नाही.

सगळं टेबल हसलं. देसाई सगळ्यांत जास्त वेळ हसला. गोखलेसाहेब, तीन वाडगे ना, असं त्यानं दोनदा विचारलं. त्या दिवसापासून मी देसाईच्या नावानं दात खातो आहे.

पण आधी मी तुमच्याकडे आलो. तुम्ही भात उपसत होतात. तुम्हाला माहीत होतं का, मी विचारलं. वासावरूनच कळलं होतं, तुम्ही म्हणालात. सुकटावर वाढलेल्या माणसाला ते कळायला वेळ कशाला. मग का सांगितलं नाहीत? तुम्ही डाव खाली ठेवलात.

"तुमी मरत होतात, भटजी. आणि पाप लागतो तो जाणत्याला. जाणता मी होतो, तुमी नाय. तो माझ्याकडंच राहील."

त्यावर एखाद्या माणसानं पाय धरले असते. मी काय केलं? तुम्ही स्वतःचा धर्म सांभाळलात आणि माझा बुडवलात, असं ओरडलो. तुमची चमचाभर दारू तुम्ही चुकवलीत आणि माझा अख्खा मासा माझ्या घशाखाली घातलात. त्याच्यापुढे मी आणखी एक वाक्य बोललो. ते मी इथे लिहीत नाही. त्याची सुरुवात "तुम्ही लोक" अशी होती. तुम्ही पुन्हा डाव उचललात आणि भात उपसायला लागलात. जाताना मी बजावलं, ह्याचा बदला घेतल्याशिवाय राहणार नाही.

तो मी दुसऱ्याच दिवशी घेतला. ऑगस्टपासून कॅम्प ऑफिसच्या फळ्यावर यादी लावलेली होती: वेळ आली तर कोणी कोणत्या गाडीतून निघायचं. माझ्या गाडीत दोन जपानी, एक फिलिपिनो ड्राफ्ट्समन आणि तुम्ही. ती नावं ऑगस्टात मीच भांडून लावून घेतली होती. नोव्हेंबरात मी बॉलपेनानं तुमचं नाव खोडलं आणि देसाईच्या जीएमसी गाडीच्या यादीत, सगळ्यांत शेवटी लिहिलं. बदल करायचा तर देसाईची सही लागायची. मी घेतली नाही. त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती. घ्या, मनात म्हटलं, हसणारा आणि हसवणारा एका गाडीत बसा.

तुम्ही ते वाचलंत. भटारखान्यात जायची वाट त्या फळ्यावरूनच जाते, तुम्ही ते न वाचणं शक्य नव्हतं. मला एका शब्दानं विचारलं नाहीत. दोन महिने कोपऱ्यातल्या शेगडीवरची डाळ माझ्या टेबलावर येत राहिली आणि मी ती झाकण न काढता परत पाठवत राहिलो. एवढी चिकाटी माझ्या कामात कधी दिसली नाही.

जानेवारीत त्या सकाळी तोफा सुरू झाल्या. तेलाच्या एका टाकीनं पेट घेतला. मी गाडी काढली, तिघांना घेतलं. मागची एक जागा रिकामी होती. ऑफिसच्या चौकात डावीकडे वळलं की मेस, दोन मिनिटांवर. मी आरशात धूर बघितला, डावीकडे बघितलं आणि सरळ गेलो. देसाई आणेल, असं मनाशी म्हटलं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. दमामपर्यंतच्या रस्त्यात ती रिकामी जागा मला टोचत होती, तरी मी वळलो नाही.

तिसऱ्या दिवशी कमालुद्दीन सापडला, आपला म्हातारा बांगलादेशी झाडूवाला. तुमच्याबरोबर शेवटपर्यंत तोच होता. तुम्ही बॅग घेऊन मेसच्या पायरीवर दुपार टळेपर्यंत बसला होतात, तो म्हणाला. मग धूर वाढला, तसे दोघं चालत निघालात. चार-पाच किलोमीटरवर तुमच्या छातीत कळ आली. तुम्ही कडेला बसलात, पाणी मागितलंत. त्याच्याकडे नव्हतं. पाण्याचा टँकर थांबेपर्यंत तुम्ही गेला होतात. दमामच्या कब्रस्तानात तुम्हाला ठेवलं तेव्हा मी भिंतीबाहेर उभा होतो. आत यायचं की नाही ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या भिंतीपाशी मी देसाईला संपवायचं ठरवलं. तो त्या गडबडीत जुबैलला वळला होता, तिथून त्याला रियाधच्या ऑफिसला धाडलं होतं, म्हणून माझ्या हाती लागला नाही. पण माणूस हाती लागावाच लागतो असं नाही. मी मोठ्या साहेबाकडे दोन अर्ज दिले, त्याच्या जुन्या चुका उकरून. त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालवायचं नाही असं ठरलं. त्याला कळलं तेव्हा तो रडला म्हणे. मला त्या दिवशी भूक लागली. नंतर भाभींचं पत्र आलं, आणि मला वाटलं, आता इकडून नोकरी आणि वरून शाप, दोन्ही बाजूंनी घेरला.

तर मंगळवारी मी गेलो. ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या खिडक्यांना प्लायवूड ठोकलं आहे. आपलं सामान न्यायला रियाधहून आलेला देसाई खोकी भरत होता. नवीन फॉर्म आले आहेत, घरच्यांची माहिती भरून द्यायची आहे, अशी थाप मी मारली आणि एक कोरा कागद पुढे घेतला. पत्नीचं नाव, मुलांची नावं. मग सहज विचारल्यासारखं आईचं. सुमती, तो म्हणाला. आणि थांबून सांगितलं की ती गेल्या महिन्यात वारली, युद्धामुळे त्याला जाता आलं नाही. मी सुमती असं ठळक अक्षरात लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा ओढली, हमीदभाई. मी तेवढा नीच आहे.

उठणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, तुम्हाला त्या दिवशी हमीदकडे पोचायला उशीर का झाला? मी म्हटलं, मला कशाला, तो तुमच्या गाडीत होता, यादीत लिहिलेलं होतं. देसाई म्हणाला, ते बघितलं होतं मी, अक्षर तुमचं होतं. रुसवा असेल, वेळ आल्यावर दोघं एका गाडीत दिसतील, म्हणून मी ते खोडलं नाही. तरी त्या सकाळी मेसवर थांबलो होतो. हमीद पायरीवर बसला होता. चल म्हटलं, दार उघडलं.

"तो उठलाच नाही. म्हणाला, तुम्ही जा, भटजी येतील न्यायला. मी दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की, म्हणाला. हा भटजी कोण ते मला कळलं नाही. मग वाटलं, तुम्हीच असाल."

देसाई खोटं बोलत असता तर मला किती बरं वाटलं असतं. मी त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधला. पण तो शब्द त्याला ठाऊक असायला दुसरी वाट नव्हती. तो तुमच्या तोंडूनच त्याच्या कानावर गेला होता, त्या सकाळी. तुम्ही उघडलेलं दार सोडून माझ्यासाठी पायरीवर बसून राहिलात.

मी बाहेर आलो. दुपारचे दोन वाजले होते आणि अंधार होता. देसाई निर्दोष निघाला ह्याबद्दल मी त्याला कधीही क्षमा करणार नाही. अडीच महिने ज्या माणसाच्या जिवावर मी जगलो, तो माझ्या हातून असा निसटला. अर्ज मी काल मागे घेतले. आता उपयोग होईल असं वाटत नाही; उशीर झाला, असं मोठे साहेब म्हणाले.

आणि तुम्ही. खरं सांगू? सगळ्यांत जास्त राग मला तुमचाच येतो. मी नाव खोडलेलं तुम्ही वाचलं होतंत, तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि तरी बसलात. भटजी चिडतो, भांडतो, पण टाकून जायचा नाही, असा तुमचा हिशेब असणार. असं कोणी कोणावर विश्वास टाकून बसतं का? मी बदला घेईन म्हणालो होतो तो बॉलपेनाच्या एका रेघेचा होता. तुमचा बघा. तुम्ही पायरीवर नुसते बसलात आणि मला जन्मभराला पुरेल एवढं देऊन गेलात. ह्याच्यावर माझ्याकडे उतारा नाही.

आणि तो रस्सा. तुम्ही जिंकलात, कबूल करतो. तसलं जेवण मी पुन्हा जेवलो नाही आणि जेवणार नाही. माझं हाड उरलं ते त्या आठ दिवसांवर. पण पाप जाणत्याला लागतं, हे तुमचंच म्हणणं. तुमच्या त्या न्यायानं त्या सकाळी चौकात जाणता कोण होता? डावीकडे मेस आहे, मेसमध्ये तुम्ही आहात आणि माझ्या गाडीत जागा आहे, हे तिन्ही मला माहीत होतं. तेव्हा हे तुमच्याकडे राहू शकत नाही, तुम्ही किती ओढून घेतलंत तरी. देसाईकडेही नाही.

आज सकाळी मी भाभींना उत्तर लिहिलं. सुमतीचा कागद फाडून टाकला. भाभींना मी देसाईबद्दल काही लिहिलं नाही, रश्शाबद्दल नाही, पायरीबद्दलही नाही. पायरीचं लिहिलं असतं तर त्यांचा हात आखडला असता, आणि मला त्यांचा हात आखडायला नको आहे. त्यांनी विचारलं तेवढंच लिहिलं, मोठ्या अक्षरात, मास्तरांना वाचताना चूक व्हायला नको म्हणून. अविनाश गोखले, राहणार नाशिक, आईचं नाव इंदुमती.

खेडचा एक फिटर परवा सुटीवर निघाला आहे. पत्र त्याच्या हाती देतो. तो दाभोळला स्वतः जाऊन देईन म्हणाला. चार दिवसांत पोचेल. रोजे संपायला अजून अकरा दिवस आहेत.